प्रश्न आपला, तर वेळही आपली
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



‘हॅकेथॉन’ हा शब्द ऐकून आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी विचारलं, “धावायचं असतं का गं?” नावात मॅरेथॉन आहे खरी, पण इथे धावायचं नाही, बसायचं. संगणकाचं काम जाणणारे लोक दोनेक दिवस एकत्र बसून एखाद्या प्रश्नावर काहीतरी करून दाखवतात. १९९९ साली कॅनडातल्या कॅलगरीत दहा प्रोग्रामर असेच जमले होते. पुढे हा शब्द रूढ झाला.

आमचा पहिला प्रयत्न फसला, तो आधी सांगते. जागा कॉलेजची, काम रात्रभर. आलेल्या चौदाजणी नळाला पाणी यायच्या वेळी उठून गेल्या. मुलांनी मेहनतीने ‘महिला सुरक्षा’ अ‍ॅप केलं, बक्षीसही मिळवलं. पण आमच्या निम्म्या बायांचा फोन नवऱ्याच्या खिशात, आणि अनेकींना भीती असते ती त्याचीच! चूक मुलांची नव्हती. प्रश्न कोणता घ्यायचा, हेच आम्ही त्यांच्यावर सोडलं होतं.

हे इतरत्रही घडलंय. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये २०१४ साली आईचं दूध काढायच्या पंपावर हॅकेथॉन झाली. तिचा फायदा मुख्यतः सुस्थितीतल्या बायकांना झाला, हे आयोजकांनीच पुढे मान्य केलं. २०१८ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय आणि गरीब आयांना केंद्रस्थानी ठेवलं, पंपाबरोबर बाळंतपणाच्या रजेचा प्रश्नही घेतला.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोन महिने आधीपासून गल्लीगल्लीत बैठका घेतल्या. बायांनी प्रश्न ठरवला: रेशन दुकानातलं मशीन. भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात, अंगठा उमटत नाही, धान्य मिळत नाही. खरं तर अंगठा उमटला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राचे आदेश २०१७ मध्येच निघाले आहेत. दुकानात ते सांगतो कोण?

मग जागा समाजमंदिराची घेतली, वेळ अकरा ते चार. पाळणाघर, जेवण आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी. प्रत्येक गटात दोन बाया. प्रश्न बाईने मांडायचा, मुलांनी आधी ऐकायचं. बक्षीस ठेवलं नाही. कुणाचाही आधार नंबर उतरवून घ्यायचा नाही, हा नियम केला.

तयार झालं ते अगदी साधं. साध्या फोनवरून बाईने निरोप सांगायचा. कुठल्या तारखेला, किती वेळा परत पाठवलं याचा तक्ता छापून निघतो. तो घेऊन आम्ही रेशन कार्यालयात गेलो. तोंडी तक्रारीला “बघू” म्हणणाऱ्यांना तारखा वाचाव्या लागल्या. काहीजणींना धान्य मिळालं, सगळ्यांना नाही. लिहिणाऱ्या मुलाला नोकरी लागली, तो गेला. पण त्याआधी वस्तीतल्या दोन मुली ते काम शिकल्या होत्या, म्हणून तक्ता आजही निघतो. ही सोय पहिल्या दिवशीच करून ठेवा.

आणि खर्चाच्या कागदावर पाळणाघर आणि मजुरी पहिल्या ओळीत लिहा. निधी देणारे नेमकी तिथेच काट मारतात. मारू देऊ नका.