येणे, शकणे आणि ‘कॅन’

छत्रपती संभाजीनगराजवळचे वाळूज हे गंगापूर तालुक्यातील गाव. १९८५ साली तेथे बजाज कंपनीचा वाहनांचा कारखाना सुरू झाला आणि आज वाळूज म्हटले की गावापेक्षा औद्योगिक वसाहतच प्रथम डोळ्यांपुढे येते. अशा ठिकाणी कारागिराची बोलण्याची भाषा मराठी. परंतु पाळीचा अहवाल किंवा बढतीची मुलाखत यांत इंग्रजीशी गाठ पडतेच. तेथे ‘मला अमुक काम येते’ एवढे साधे वाक्य त्याला अडविते.

याचे कारण त्याचे अज्ञान नव्हे, तर मराठीची श्रीमंती होय. सामर्थ्य सांगण्याच्या तीन वाटा मराठीत आहेत. शिकून मिळविलेली विद्या ‘येते’: त्याला पोहता येते. परिस्थिती अनुकूल असली म्हणजे मनुष्य ‘शकतो’: तो उद्या येऊ शकतो. आणि देहाला वा मनाला झेपणे न झेपणे ‘चालवते’, ‘बघवत नाही’ अशा रूपांनी सांगितले जाते. वैयाकरण त्यांना शक्य क्रियापदे म्हणतात. मराठवाड्याच्या कानांवरून पिढ्यान्‌पिढ्या गेलेल्या उर्दूतही ‘तैरना आता है’, ‘तैर सकता है’ आणि ‘चला नहीं जाता’ असा भेद आहेच.

इंग्रजी या तिन्ही ठिकाणी बहुधा एकट्या ‘कॅन’वर भागविते. शिवाय मराठीत विद्या माणसाकडे ‘येते’, म्हणून ‘मला’ म्हणावयाचे. इंग्रजीत माणूसच कर्ता, म्हणून ‘आय’. ‘मला इंग्रजी येते’ याचे शब्दशः भाषांतर केले तर इंग्रजी भाषाच चालत घरी आली, असे ऐकणाऱ्यास वाटावयाचे! तेथे ‘आय कॅन स्पीक इंग्लिश’ हेच योग्य. मात्र ‘मला हे बघवत नाही’ येथे नुसता ‘कॅन’ पुरत नाही. ‘आय कान्ट सी धिस’ म्हणजे ‘मला हे दिसत नाही’. सोसण्याचा अर्थ हवा तर ‘आय कान्ट बेअर टु सी धिस’ म्हणावे लागते.

खरी कसोटी भूतकाळात लागते. अशी कल्पना करावी की, रात्रपाळीच्या कारागिराने बिघडलेले यंत्र मोठ्या कष्टाने सुरू केले आणि अहवालात लिहिले, ‘आय कुड रिपेअर द मशीन.’ त्याच्या मनात ‘मला दुरुस्त करता आले’ हे आहे. वाचणारा मात्र ‘हवे तर मी दुरुस्त करू शकेन’ असाही अर्थ घेईल, आणि झालेल्या कामाचे श्रेय कागदावरून नाहीसे होईल. एका प्रसंगी प्रत्यक्ष साधलेले काम सांगावयाचे तर ‘आय वॉज एबल टु रिपेअर’ किंवा ‘आय मॅनेज्ड टु रिपेअर’ म्हणावे. पूर्वी अंगी असलेले सर्वसाधारण कौशल्य ‘कुड’ने सांगता येते: ‘लहानपणी तो झाडावर चढू शके’. नकारात ही अडचण उरत नाही. ‘कुडन्ट’ निर्धास्तपणे वापरावे. ‘ऐकू येत होते’, ‘दिसत होते’ अशा इंद्रियांच्या अनुभवांनाही ‘कुड’ चालते.

भविष्यकाळी ‘विल कॅन’ अशी जोडी इंग्रजीला मान्य नाही. तेथे ‘विल बी एबल टु’ हवे. ‘कॅन’च्या पुढे ‘टु’ येत नाही, आणि कर्ता ‘ही’ असो वा ‘शी’, ‘कॅन’ला ‘एस’ लागत नाही.

घरी मुलांना इंग्रजी शिकविताना पालकांनी हे नियम घोकून घेण्यापूर्वी मराठी वाक्याचाच अर्थ विचारावा: हे शिकलेले आहे, जमण्याजोगे आहे, सोसवण्याचे आहे, की प्रत्यक्ष साधलेले आहे? याचे उत्तर मुलाला मराठीत देता आले, म्हणजे इंग्रजी रूप निवडणे त्याला फारसे जड जाणार नाही.