येईल, येऊ शकेल, आलंच पाहिजे

तळोद्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. भाकरी टाकून, भांडी आवरून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज आपण इंग्रजीतल्या पाच-सहा छोट्या शब्दांविषयी बोलणार आहोत. इंग्रजी म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणी उठून जातात. आज जरा बसा. हे शब्द आम्हाला शाळेच्या पुस्तकात नाही, जमिनीच्या कागदात भेटले.

झालं असं. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या घरी वनहक्काचा कागद आला. लग्न होऊन आल्यापासून त्या शेतात त्यांनी नांगरामागे पेरलं, निंदलं, कापलं. कागदावर नाव मात्र एकट्या दादांचं. आम्ही चौघी विचारायला गेलो. उत्तर मिळालं, "तुमचं नाव येईल नंतर, घाई काय आहे?" आम्ही परत आलो. येईल म्हणाले, म्हणजे येईल. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, नाव काही आलं नाही.

मग गटातल्या एकीची कॉलेजात शिकणारी मुलगी कायदा इंग्रजीत घेऊन बसली. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या कलम ४ मधल्या चौथ्या पोटकलमात लिहिलंय की माणूस विवाहित असेल तर हा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावावर नोंदवायचा. घर एकटी बाई चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावावर. आणि तिथे शब्द आहे 'शॅल'. मुलगी म्हणाली, "मावशी, इथे 'मे' नाही, 'शॅल' आहे." आम्ही विचारलं, त्यानं काय फरक पडतो? तिथून आमचा वर्ग सुरू झाला.

शाळेत 'शॅल' म्हणजे भविष्यकाळ असं शिकवतात. आय शॅल गो, मी जाईन. पण कायद्यात 'शॅल' आला की ती पुढची गोष्ट नसते, ते बंधन असतं. सरकारी मराठीत त्याचं भाषांतर बहुतेक 'नोंदवण्यात येईल', 'देण्यात येईल' असं करतात. आपल्याला ते ऐकून वाटतं, येईल कधीतरी, पाऊस येईल तसं. खरा अर्थ असतो, नोंदवलंच पाहिजे.

'मे' वेगळा. 'मे' म्हणजे करता येईल, करायची मुभा आहे. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. ग्रामसभेच्या ठरावाने कुणाचं नुकसान झालं, तर तिला उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. इथे 'मे' आहे. मागायची की नाही, तिची मर्जी. पण तिने मागितली, की समितीने त्यावर विचार करून निकाल दिलाच पाहिजे. इथे 'शॅल'. आणि पुढे आणखी एक 'शॅल' आहे, तो आपल्यासाठी. ठराव झाल्यापासून ६० दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे. म्हणजे 'शॅल' फक्त साहेबांना बांधत नाही, आपल्यालाही बांधतो.

एक सांगून ठेवतो. संदर्भ पाहून न्यायालय कधी कधी 'मे'चा अर्थही बंधनासारखा लावतं. तेव्हा एका शब्दावर भांडण उभं करू नका, पूर्ण वाक्य वाचून घ्या, जाणत्या माणसाला विचारा. पण शब्द कोणता आहे ते आधी बघा.

आता बाकीचे शब्द. हे सगळे अर्थ आपल्या बोलण्यात रोज असतात. 'कॅन' म्हणजे येतं, जमतं. मला शिवता येतं, आय कॅन स्टिच. 'शुड' म्हणजे करावं, हा सल्ला. बाळाला वेळेवर लस द्यावी, तिथे शुड. 'मस्ट' म्हणजे केलंच पाहिजे. 'कुड' आणि 'वुड' विनंतीला गोडवा आणतात, आपण "जरा देता का हो?" म्हणतो तसं. आणि 'मे' कधी परवानगी सांगतो, कधी शक्यता. मे आय कम इन, आत येऊ का? इट मे रेन, पाऊस पडेल कदाचित.

नकार आला की जपून. 'यू मस्ट नॉट टेक इट' म्हणजे ही गोळी घेऊच नका. 'यू नीड नॉट टेक इट' म्हणजे घ्यायची गरज नाही. दोन्हींत 'नॉट' आहे, पण पहिल्यात धोका आहे, दुसऱ्यात फक्त सूट. आपली मुलगी नर्सिंग शिकत असेल तर तिला हा फरक नक्की विचारा.

मुलांच्या वहीत या शब्दांच्या चुका दिसतात, त्या तीनच आहेत. पहिली, 'शी कॅन्स' असं कधी होत नाही. ती असो, ते असोत, 'कॅन' तसाच राहतो. दुसरी, या शब्दांमागे 'टू' लावायचा नाही. 'आय मस्ट टू गो' चूक, 'आय मस्ट गो' बरोबर. तिसरी, मागून येणारं क्रियापद मूळ रूपातच ठेवायचं. 'कुड वेंट' नाही, 'कुड गो'. आणि 'आय कॅन एबल टू' हे आपल्याकडे फार ऐकू येतं. दोन बैल एकाच बाजूला जुंपल्यासारखं ते आहे. 'आय कॅन' म्हणा, नाहीतर 'आय ॲम एबल टू' म्हणा.

पुढच्या बैठकीला एक काम करा. प्रत्येकीने घरातला एक इंग्रजी कागद आणा. बँकेचा, विम्याचा, दवाखान्याचा, कसलाही. त्यात मे, मस्ट, शॅल, शुड कुठे आहे ते शिकलेल्या मुलीकडून शोधून घ्या आणि खाली पेन्सिलने रेघ ओढा. मग दोन प्रश्न विचारा. हा शब्द कुणाला बांधतो? आणि कुणाला मोकळं सोडतो? कर्जाच्या कागदात व्याज वाढवायची मुभा बँकेला असेल आणि हप्ता भरायचं बंधन आपल्यावर असेल, तर अंगठा उठवण्याआधी ते कळलेलं बरं.

वहिनींनी कलमाचा आकडा घालून दुरुस्तीचा अर्ज दिलाय. तारीख आणि शिक्क्यासह पोच घेतलीय, ती डब्यात तांदळाखाली नाही, गटाच्या फायलीत आहे. नाव अजून आलेलं नाही. पण आता आम्ही तिथे गेलो की "नाव कधी येईल?" असं विचारत नाही. "अजून का नोंदवलं नाही?" असं विचारतो.