एका ओळींतलें गणित



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो ध्वनिक्षेपणाला फारसा सोयीचा नाहीं. गणितांतील पदावलि कळफलकावर स्पष्टपणें कशी लिहावी, हा तो विषय. येथें फळा नाहीं, खडू नाहीं. आहे तो केवळ माझा आवाज. परंतु ही अडचण विषयाला धरूनच आहे. “एक भागिलें दोन क्ष” असें मीं म्हटलें, तर आपण काय लिहून घ्याल? एक छेद दोन, आणि त्याला क्षनें गुणावयाचें? कीं वर एक आणि खालीं सबंध दोन क्ष? माझ्या आवाजाला वर-खालीं नाहीं. कळफलकालाही नाहीं. दोघेही एकामागून एक चिन्हें पुढें ढकलीत जातात.

माझी नात आठवींत शिकते व दुसऱ्या गांवीं राहते. गणित अडलें म्हणजे ती मला फोनवर लिहून पाठविते. गेल्या वर्षीं तिनें एक समीकरण पाठविलें: १/२क्ष + ३ = ५. (ती इंग्रजी एक्स लिहिते, मी जुन्या वळणाचा, म्हणून क्ष म्हणतों.) “आजोबा, माझें उत्तर पाव आलें. बरोबर आहे का?” मीं पाहिलें. दोन्हींकडून तीन वजा केले. अर्धा क्ष बरोबर दोन. म्हणून क्ष बरोबर चार. मीं कळविलें, “साफ चूक. उत्तर चार. उतावळेपणा सोड.” तिनें पुनः एकदां विचारलें, मीं पुनः तेंच, जरा अधिक कडक शब्दांत सांगितलें. पस्तीस वर्षें हातांत खडू धरलेल्या माणसाला आपलेंच चुकलें असेल ही शंका लवकर येत नाहीं. त्यानंतर तिचीं गणितें येईनाशीं झालीं.

दिवाळीच्या सुटींत ती आली, तेव्हां तिचें पुस्तक सहज माझ्या हातीं पडलें. त्यांत दोन आणि क्ष दोन्ही आडव्या रेघेच्या खालीं होते. पोरीचें उत्तर बरोबर होतें. तिच्या वहींत मात्र पाव खोडून त्यावर चार लिहिलेले होते. तें पाहून मला काय वाटलें तें येथें सांगत बसत नाहीं.

दोष कोणाचा? कांहीं माझ्या तापटपणाचा. पण पुष्कळसा त्या हरवलेल्या आडव्या रेघेचा. कागदावर ती रेघ दोन कामें करते. एक भागाकाराचें, तें सर्वांना दिसतें. दुसरें कंसाचें, तें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. रेघेखालीं जें जें आहे तें सर्व मिळून एक छेद, अशी हमी ती देते. वर्गमूळाच्या चिन्हावरील आडवी रेघही असेंच कंसाचें काम करते. देकार्तनें १६३७ मध्यें ती त्या चिन्हाला जोडली. कळफलकावर आडवी रेघ जाते आणि तिच्या जागीं तिरकी येते. ही भागाकार तेवढा सांभाळते. कंसाचें काम बेवारशी राहतें. तें आपणच उघड कंस घालून केलें पाहिजे. १/(२*क्ष) असें लिहिलें असतें, तर मला वाद घालावयास जागाच नव्हती. दुसरा अर्थ हवा असेल तर (१/२)*क्ष. मध्यें मोकळी जागा सोडून भागत नाहीं. ती डोळ्यांना दिसते, यंत्र बहुधा तिला जुमानीत नाहीं.

ही तिरकी रेघ कांहीं संगणकानें आणलेली नव्हे. अपूर्णांक छापावयाचा म्हणजे खिळे जुळविणाऱ्याला एका ओळींत तीन मजले बांधावे लागत. म्हणून १८४५ मध्यें ऑगस्टस डी मॉर्गन यांनीं तिची सूचना केली. हे गणिती आपल्या मदुरेस जन्मलेले. १९५७ मध्यें आय. बी. एम. ची फोर्ट्रान भाषा आली. तिच्यांत गुणाकाराला एक तारका व घाताला दोन तारका ठरल्या. गुणाकाराची फुली आणि एक्स हें अक्षर यांचा घोटाळा तारकेमुळें टळतो.

आजच्या हिशेबी तक्त्यांत घातासाठीं घराच्या छपरासारखें ^ हें चिन्ह आहे. घाताचें प्रकरण फार फसवें. छापील पानावरील दहाचा पांचवा घात उचलून संदेशांत चिकटवावा, तों वरचा पांच पुष्कळदां खालीं उतरतो आणि एक लक्षाचे एकशें पांच होतात. यास्तव १०^५ असें लिहावें. घातांत बेरीज असेल तर तिलाही कंस हवा: २^(न+१). कंस गाळला तर अधिक एक घातांतून बाहेर पडतो.

कोणी म्हणेल, आम्हीं शाळेंत कंचेभागुबेव घोकलें आहे, तें पुरे. पण २०१९ मध्यें ८÷२(२+२) या एवढ्याशा पदावलीवरून जगभर वाद माजला. कोणी सोळा म्हणत, कोणी एक; आणि भांडणारे कांहीं अडाणी नव्हते. यंत्रांचें तरी कोठें एकमत आहे? -२^२ असें एक्सेलच्या तक्त्यांत घातलें कीं उत्तर चार येतें. पायथन भाषेंत दोन तारकांनीं तेंच लिहिलें तर वजा चार. बीजगणितही वजा चारच सांगतें. तक्त्यावर विसंबून हिशेब करणाऱ्यानें येथें -(२^२) लिहावें. फार कंस कुरूप दिसतात ही तक्रार मला मान्य आहे. परंतु कंस उघडतांच तो मिटवून टाकावा आणि मग आंत लिहावें, म्हणजे निदान चुकत तरी नाहीं.

वहींतले ते चार मीं नातीच्या देखत खोडले, पाव पुनः लिहिला आणि खालीं माझी सही केली. आतां तिचीं गणितें पूर्ववत् येतात. परवांच्या गणितांत सात कंस उघडले होते आणि सहाच मिटले होते. तेवढें मीं तिला कळविलें आहे. उत्तराची वाट पाहत आहें.