राख गेली चीनला, मामाचा प्रश्न राहिला इथंच

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. काही राहिले असतील, तर गोड मानून घ्या.)

 

आजचा विषय ज्वालामुखी. आता तुम्ही म्हणाल, भंडारा जिल्ह्यात बसून हा पोरगा ज्वालामुखीवर काय बोलणार? आपल्याकडं आग ओकणारी एकच गोष्ट, मे महिन्यातलं ऊन. बरोबर आहे. पण २४ नोव्हेंबर २०२५ ला, सोमवारी रात्री, मला मामाचा फोन आला. मामा राहतो लाखांदूर तालुक्यात. धानाची शेती. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, “काऊन रे, राख येऊन रायली म्हन्ते. पुंजने झाकू का?”

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. धान कापलं की ते कडप्यांच्या रूपात बांधीत वाळू देतात, मग भारे बांधून त्यांची रास रचतात. ती रास म्हणजे पुंजणं. वर्षभराची कमाई त्यात असते. मळणी होईपर्यंत ते उघड्यावर असतं आणि त्या दिवसांत आभाळात जे काही दिसेल, त्याची धास्ती वाटते.

झालं असं होतं की आदल्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, इथिओपियाच्या अफार भागात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. माणसानं लिहून ठेवलेल्या इतिहासात तो फुटल्याची नोंदच नव्हती. राखेचा ढग जवळपास १४ किलोमीटर उंच गेला. तिथून वाऱ्यानं तो तांबडा समुद्र, येमेन, ओमान, अरबी समुद्र असा ओलांडत गुजरात-राजस्थानवर आणला आणि सोमवारी रात्री तो दिल्लीवर होता. एअर इंडियासह काही कंपन्यांनी विमानं रद्द केली. विमानांना ही राख खरंच घातक असते. ती चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते, दगडाचा आणि काचेचा बारीक भुगा असतो तो. जेट इंजिनच्या उष्णतेत वितळतो आणि आत चिकटून बसतो.

इकडं व्हॉट्सॲपवर वेगळाच ज्वालामुखी फुटला होता. ‘आज रात्री ॲसिडचा पाऊस’, ‘घराबाहेर पडू नका’, ‘नासाचा इशारा’. सोबत इंडोनेशियाच्या कुठल्यातरी जुन्या ज्वालामुखीचा व्हिडिओ. मामाच्या ग्रुपवरही तेच. मी त्याला म्हटलं, “मामा, ढग लय वर आहे आणि दिल्लीकडं आहे. आपल्याकडं काही पडत नाही.” मंगळवारी संध्याकाळपर्यंत ढग चीनकडं सरकला. पुंजण्यावर राखेचा कणही पडला नाही. मामानं मात्र ताडपत्री टाकलीच होती. “तुये सायंटिस्ट का मायं धान भरून देनार हायेत का?” म्हणाला. यावर काय बोलणार!

पण खरा प्रश्न त्यानं दुसऱ्या दिवशी विचारला. “राख नाई आली, ठीक. पन असा पहाड फुटला त पुढच्या साली पान्यावर काही होते का?”

मी म्हटलं, वाचून सांगतो. तर आजचा हा भाग म्हणजे मामाला दिलेलं उत्तर आहे, जरा लांबलेलं.

आधी एक गंमत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्वालामुखीच्याच खडकावर बसलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर बसले. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी, पुण्याचा काळा दगड, सगळा तोच बेसाल्ट. तो पूर्वेकडं येत येत नागपूरजवळ संपतो. नागपूरची सीताबर्डीची टेकडी त्याच लाव्ह्याची. ही टेकडी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. भंडाऱ्यात आलं की खडकच बदलतो, आणि खूप जुना होतो. तुमसरकडं चिखला, डोंगरी बुजुर्ग इथं मॅंगनीजच्या खाणी आहेत ना, तो खडक लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा आपण ज्वालामुखीच्या अंगणाच्या अगदी बाहेर राहतो. तरी त्याचा हात आपल्यापर्यंत पोचतो. कसा ते बघू.

राख लोकांना दिसते, म्हणून भीती राखेची. पण हवामान बिघडवते ती दुसरीच चीज, सल्फर डायऑक्साइड. गंधकाचा वायू. राख जड असते. काही दिवसांत, फार तर आठवड्यांत खाली येते. स्फोट मोठा असेल तर हा वायू ढगांच्या वर, स्थितांबरात जातो. शाळेच्या भूगोलात तपांबर-स्थितांबर पाठ केलं होतं, ते आज कामी आलं. तिथं पाऊस पडत नाही, त्यामुळं हवा धुऊन निघत नाही. वायूचे गंधकाम्लाचे बारीक बारीक थेंब होतात आणि ते वर्ष-दोन वर्षं पृथ्वीभर पसरून राहतात. ऊन थोडं परतवतात. पृथ्वीवर जणू पातळ ओढणी टाकली.

आता मान्सून कशावर चालतो? उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, त्या ओढीनं समुद्रावरची ओली हवा आत येते. ऊन अडलं की जमीन लवकर थंडावते, समुद्र सावकाश. दोघांतला फरक कमी होतो आणि ओढ ढिली पडते. वर समुद्रावरून वाफही कमी उठते. म्हणजे आपल्या बांधीपासून हजारो किलोमीटरवर फुटलेला पहाड रोवणीच्या पावसाला हात लावू शकतो. अट एकच, स्फोट खूप मोठा हवा आणि गंधक खूप वर जायला हवा. विषुववृत्ताजवळचा असेल तर दोन्ही गोलार्धांत पसरतो, म्हणून जास्त जाचक.

हायली गुब्बी या हिशोबात बसत नाही. त्याचा गंधक फारच थोडा होता. फिलिपिन्सचा पिनातुबो बसतो. १५ जून १९९१ ला तो फुटला तेव्हा दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला. पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं आणि जगभरात जमिनीवरचा पाऊसही घटला. अर्धा अंश म्हणजे काय मोठं, असं वाटतं खरं. आपल्या तापाच्या थर्मामीटरवर अर्धा अंश कोणी मोजत नाही. पण पृथ्वीच्या सरासरीत तो खूप असतो.

आणि आता सगळ्यांचा बाप. तांबोरा.

इंडोनेशियात सुंबावा नावाचं बेट आहे. १० एप्रिल १८१५ ला तिथला तांबोरा डोंगर फुटला. पाच दिवस आधी पहिला धडाका झाला, तेव्हा जावा बेटावरच्या इंग्रज अंमलदारांना वाटलं की कुठंतरी तोफा चालल्यात. मुख्य स्फोटात डोंगराचा वरचा भागच गेला. चार हजार मीटरच्या वरचा डोंगर आज २,८५० मीटरच्या आसपास उरलाय आणि मधोमध सहा किलोमीटर रुंद खड्डा आहे. आसपासच्या बेटांवर हजारो माणसं मेली. स्फोटात जेवढी मेली, त्याहून जास्त पुढं उपासमारीनं आणि रोगानं मेली. १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, जूनमध्ये बर्फ पडला, पिकं बुडाली. ही गोष्ट इंटरनेटवर तुम्हाला शंभर व्हिडिओंत सापडेल.

आपल्याकडं काय झालं, ते मात्र कोणी फारसं सांगत नाही.

१८१६ चा मान्सून बिघडला. आधी पाऊस लांबला, मग अवेळी धो धो पडला. हे मी मनाचं सांगत नाही. जेम्स जेम्सन नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरानं १८२० मध्ये बंगालमधल्या साथीवर मोठा अहवाल लिहिला, त्यात त्यानं त्या वर्षांचं विचित्र हवामान नोंदवलंय. बिचाऱ्याला तांबोराशी संबंध माहीत असणं शक्यच नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की आभाळ नेहमीसारखं वागत नाही.

ती साथ म्हणजे कॉलरा. आपले जुने लोक पटकी म्हणायचे, मोडशी म्हणायचे. ऑगस्ट १८१७ मध्ये बंगालच्या जेसोरमध्ये ती भडकली. कॉलरा बंगालला नवा नव्हता, पण तो तिथंच राहायचा. या वेळी तो निघाला. आणि नेमकी त्याच वेळी रस्त्यावर माणसांची झुंबड होती, कारण गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांवर मोठी फौज घेऊन निघाला होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये बुंदेलखंडात त्याच्या छावणीत कॉलरा शिरला. हजारो मेले. सैनिकांपेक्षा मागून चालणारे हमाल, घोडेवाले, बाजारबुणगे जास्त. शेवटी छावणी उचलून बेटवा नदीपलीकडं न्यावी लागली.

आता ती टेकडी आठवा. त्याच महिन्यात, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, सीताबर्डीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज लढत होते. आपला भंडारा तेव्हा भोसल्यांच्याच राज्यात. शाळेत आपण ही लढाई शिकतो, कोण जिंकलं कोण हरलं. पुढच्याच उन्हाळ्यात, १८१८ मध्ये, कॉलरा नागपुरात पोचला, हे शिकत नाही. तिथून पावसाळ्यात पुणे, ऑगस्टमध्ये मुंबई. पुढं जहाजांनी आणि काफिल्यांनी तो अरबस्तान, इराणपर्यंत गेला. जगातली कॉलऱ्याची पहिली महासाथ मानतात ती हीच.

गिलेन डार्सी वूड नावाच्या अभ्यासकानं २०१४ साली तांबोरावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की बिघडलेल्या मान्सूनमुळं बंगालच्या खाड्यांमधलं पाणी बदललं आणि तिथं राहणाऱ्या कॉलऱ्याच्या जंतूला त्यानं बळ मिळालं. हे सगळ्यांनी मान्य केलेलं नाही. काहीजण म्हणतात, फौजा, व्यापार आणि यात्रा एवढ्यानंच साथ पसरली असती, डोंगराला कशाला मध्ये आणता? मला विचाराल तर, जंतूचं काय झालं हे कोर्टात सिद्ध होणार नाही, पण भुकेलेली माणसं, पडलेली पिकं आणि गढूळ पाणी यांना साथ आवडते, यासाठी पुस्तक लागत नाही. गावाबाहेरची मरीमाय उगाच गावाबाहेर बसलेली नाही.

मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हंजे त्या लोकायले मालूमच नव्हतं, कायनं मरून रायलो ते.” एवढा अभ्यास करून मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

आता शेतीचं बघू. धान म्हणजे तारखांचा खेळ. पऱ्हे टाकले, ते वाढले, पाऊस आला की रोवणी. पाऊस तीन आठवडे लांबला तर पऱ्हे जुने होतात, रोवून उपयोग नाही. आपल्या पूर्वजांनी यावर तोड काढली ती तलावांची. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधायला घेतलेले, पुढं मालगुजारांकडं गेलेले, म्हणून माजी मालगुजारी, म्हणून मामा तलाव. (माझ्या मामाचा काही संबंध नाही. तो मात्र सांगतो की आहे.) पाऊस चुकला तर एक-दोन पाणी देऊन पीक तगवायचं, हा त्यांचा हिशोब. तांबोरासारखं वर्ष उद्या आलं, तर लाखांदूरला पहिली मदत याच तलावांची होणार. आमच्या गावच्या तलावाच्या अर्ध्या भागात आज बेशरमाची झाडं आहेत. उरलेल्यात गाळ.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी ऐकून माझी झोप उडाली. पिनातुबोनं पृथ्वी थंड केली ना? मग काही शास्त्रज्ञ म्हणतात, तापमानवाढीवर हाच उपाय करू. विमानांनी दरवर्षी स्थितांबरात गंधक सोडायचा. मुद्दाम केलेला, न थांबणारा ज्वालामुखी. २०२२ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं मेक्सिकोत असे फुगे सोडूनही पाहिले, कोणाला न विचारता. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोनं असल्या प्रयोगांवर बंदी आणत असल्याचं जाहीर केलं. उद्देश वाईट आहे असं मी म्हणत नाही. मे महिन्यात ४७ अंशांत बसलेल्या माणसाला तर ही ऑफर गोडच वाटेल. पण ॲलन रोबॉक या शास्त्रज्ञाच्या गटानं २००८ मध्ये संगणकावर हे चालवून पाहिलं, तेव्हा आशिया आणि आफ्रिकेचा पावसाळी मान्सून कमजोर पडताना दिसला. म्हणजे गारवा कोणाला आणि कोरडी बांधी कोणाला?

मी मामाला हेही सांगितलं. त्यानं सरळ विचारलं, “वर गंधक फेकाचा का नाई, हे ठरवाले कोन बसनार हाये? आपला कोनी राहील का तिथं?”

मी म्हटलं, सध्या तरी तशी बैठकच नाही मामा, नियमच ठरलेले नाहीत.

“मंग ताडपत्री राहू दे,” म्हणाला, आणि फोन ठेवला. मळणीवाला आला होता.

तुमच्या गावात मरीमायची, पटकीच्या साथीची एखादी जुनी आठवण आजी-आजोबा सांगत असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. आवाज थोडा खरखरला तरी चालेल, मागं कोंबडा ओरडला तरी चालेल. पुढचा भाग तुमच्याच आवाजांचा करू. चला, भेटू.