उटनूरच्या अरण्यातील अक्षरे



आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर हे सागाच्या रानांनी वेढलेले लहानसे गाव. अशा ठिकाणी विद्येचा शोध घ्यावा, हे ऐकून पाठशाळेत वाढलेला माणूस किंचित हसेल. ग्रंथ असावयाचे ते नदीतीरी अथवा मठात. अरण्यात केवळ गाणी, असा आपला समज. या टापूने तो खोटा ठरविला आहे.

येथील राजगोंडांचे भाट म्हणजे प्रधान. हाती किंगरी घेऊन ते यजमानाच्या कुळाची व देवांची कथा गोंडीत गातात. नवल असे की, या प्रधानांची घरची भाषा मराठी! दुसऱ्याच्या वंशाची स्मृती दुसऱ्याच्या भाषेत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. वैदिकाला यातील कष्ट निराळे सांगावयास नकोत. घरी मराठी बोलूनच त्यानेही संहिता मुखोद्गत ठेवली.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम मारले गेले. राने राखीव झाली, चराईवर दंड बसला, कसलेली जमीन परक्यांच्या नावे लागली. त्यातून तो उठाव झाला होता. पुढे निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास या प्रदेशात धाडले. ते सपत्नीक मार्लवाई या खेड्यात राहिले. (हे खेडे २०१६ पासून भीमांच्याच नावाच्या जिल्ह्यात मोडते.) तेथे १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी वर्ग निघाला. राज्याची भाषा उर्दू असताही गोंडीची वाचनपुस्तके तयार झाली ती देवनागरीत! ज्यास वाचता येत नाही त्याचे शेत कागदावरच परक्याचे होते, हे त्या लोकांनी पुरते भोगले होते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा मुंबई राज्यात आले, उटनूर आंध्र प्रदेशात गेले. सरकारी शाळांत तेलुगूचे राज्य सुरू झाले. बाळबोध अक्षरांचा तो संसार तेथे फार काळ टिकला नाही, याची हळहळ मराठी मनास वाटणारच.

परंतु कथेचा खरा चमत्कार पुढेच आहे. नारनूरजवळील गुंजाला या खेड्यात जुनी हस्तलिखिते सांभाळलेली होती. चालू शतकाच्या आरंभी ती हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांसमोर आली. लिपी ना देवनागरी, ना तेलुगू; ती गोंडीची स्वतःची! म्हणजे आपण ज्यांस अक्षरदान केले असे मानीत होतो, त्यांच्या घरी अक्षरे आधीच नांदत होती. २०१८ साली या गुंजाला गोंडी लिपीस संगणकाच्या जागतिक अक्षरसंहितेत स्थान मिळाले. हस्तलिखिते उजेडात आली तेव्हा ती वाचू शकणारे गावात मोजकेच वृद्ध उरले होते. मुलांना ती अक्षरे गिरवावयास त्यांनीच शिकविले.