ताराबाई शिंदे : घराचे बळ, समाजाची मर्यादा

माणूस स्वतःच्या कर्तबगारीने मोठा होतो, असे आपण सहज म्हणतो. त्या कर्तबगारीला घराने किती बळ दिले आणि भोवतालच्या समाजाने तिला कुठवर जाऊ दिले, हे मात्र क्वचितच तपासतो. बुलढाण्यात १८५० साली जन्मलेल्या ताराबाई शिंदे यांच्या आयुष्यावरून ते तपासता येते. तिथे मुलींची शाळा नव्हती, तेव्हा वडील बापूजी हरी शिंदे यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. बापूजी डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासदही. रीतीप्रमाणे लग्न लहानपणीच झाले, पण जावई घरजावई म्हणून राहिला आणि ताराबाई माहेरीच राहिल्या. पुढे सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीलाच दूषणे दिली. त्याला ताराबाईंचे उत्तर म्हणजे १८८२ साली पुण्यात छापलेले 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक.

यावर कोणी म्हणेल, शिकलेले वडील इतरही मुलींना लाभले असतील, त्या सगळ्यांनी कुठे असे लिहिले? आक्षेप खरा आहे. बापूजींनी अक्षरे दिली, लेखणीची धार ताराबाईंची स्वतःची. पण त्या पुस्तकासारखा शास्त्रांना जाब विचारायचा तर ती आधी वाचता यावी लागतात, आणि वर्तमानपत्राला उत्तर द्यायचे तर ते घरात यावे लागते. जिद्द जन्मजात असेलही, तिला लागणारी साधने मात्र कोणाला तरी पुरवावी लागतात. दुसरा आक्षेप याच्या उलट आहे: घर इतके अनुकूल होते, तर पुस्तक एकच का? पुस्तकाच्या ५०० प्रती निघाल्या आणि त्यावर टीकाही झाली. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या नियतकालिकातून ताराबाईंची बाजू घेतली, तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. अभ्यासक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ग्रंथ पुन्हा छापेपर्यंत मराठी वाचक त्यांना जवळजवळ विसरला होता. याचे कारण ताराबाईंच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा त्या काळाच्या कानांत शोधणे अधिक न्यायाचे.

म्हणून संस्कारांचे श्रेय घराला जरूर द्यावे, पण अपयशाचा दोष एकट्या माणसावर टाकू नये. घर उभे करते, समाज टिकवतो. आज मुली शाळेत जातात. पालकांनी त्यांना शिकवावेच. आणि शिकलेली मुलगी न पटणारे बोलली, तर ते ऐकून घेण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी.