बदामाच्या बागेतील हिवाळी पाणी

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



उपयोगाचे काही बोला, असे चिटणीसबाईंनी मला बजावले आहे. उपयोगाचे म्हणजे पाककृती, नाही तर आरोग्य, अशी आपली ठरलेली समजूत. मी आज बदामावर बोलणार आहे. परंतु बदामाच्या शिऱ्यावर नव्हे, तर बदामाच्या पाण्यावर. रात्री चार बदाम भिजत घालायचे आणि सकाळी सोलून मुलांच्या हातावर ठेवायचे, ही रीत आपल्यापैकी पुष्कळ घरांत आहे. हे बदाम बहुधा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातून आलेले असतात. जगातील सुमारे ८० टक्के बदाम त्या एका राज्यात पिकतात, आणि अलीकडे त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकांत पहिला नंबर आपल्या देशाचा आहे. तेव्हा त्या झाडांना पाणी कोठून मिळते, एवढी चौकशी करण्याचा हक्क आपल्याला पोचतो.

माझी मुलगी तिकडे फ्रेस्नो शहराजवळ असते. तिच्याकडे मी दोन हिवाळे काढले, म्हणून हे पाहावयास मिळाले. राज्याच्या मधोमध सुमारे ७२० किलोमीटर लांबीचे एक सपाट खोरे आहे. पूर्वेला सिएरा नेवाडाचे बर्फाळ डोंगर. तिकडचा पाऊस आपल्या उलट. उन्हाळाभर थेंब नाही. जे काय पडायचे ते हिवाळ्यात, आणि काही वर्षी असे कोसळते की नद्या आवरत नाहीत. पुराला जागा ठेवावी म्हणून धरणेसुद्धा ऐन हिवाळ्यात थोडी रिकामी ठेवावी लागतात. पूर्वी हे पाणी खोरेभर पसरत असे. दक्षिणेला टुलारे नावाचे अफाट सरोवर होते. नद्यांचे पाणी वळवून लोकांनी ते आटवले आणि तळाशी शेते केली. २०२३ साली पाऊस असा झाला, की ते सरोवर आपली जुनी जागा शोधत परत आले आणि कापसाची व इतर शेते कित्येक महिने पाण्याखाली राहिली.

म्हणजे हिवाळ्यात पाणी नको इतके, आणि उन्हाळ्यात सगळी भिस्त विहिरींवर. जमिनीखालचे पाणी ही त्या खोऱ्याची बेगमी. पण कोठीतून रोज काढायचे आणि भरायचे मात्र नाही, असा संसार किती दिवस चालणार? मेंडोटा गावाजवळ घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. एका खांबाशेजारी एक शास्त्रज्ञ उभे आहेत, आणि त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर १९२५ अशी पाटी आहे. त्या वर्षी जमीन तेथवर होती! १९७७ पर्यंत ती सुमारे २८ फूट खाली गेली. खालचे पाणी उपसल्यावर चिकणमातीचे थर दबले आणि वरची जमीन बसली. दबलेली ती माती पुन्हा फुगत नाही. तिच्यातली पाण्याची जागा कायमची गेली.

आता बागेकडे येते. बदामाची पाने नोव्हेंबरच्या सुमारास गळतात. डिसेंबर-जानेवारीत बाग पाहिली तर वाळक्या काटक्यांचे रान वाटते. झाड झोपलेले असते. फेब्रुवारीच्या मध्याला ते जागे होते आणि चहूकडे पांढरी-गुलाबी फुले. मधमाश्यांच्या पेट्या गाड्या भरभरून आणतात. तो थाट पाहण्यासारखा असतो. नद्यांना पूर येण्याचे दिवस आणि झाडांच्या झोपेचे दिवस असे एकच पडतात. मग पुराचे पाणी कालव्यांतून ह्या बागांत सोडावे, बांध घालून थांबवावे आणि मुरू द्यावे, अशी ही कल्पना आहे. नवा तलाव खणणे नको, कोणाची जमीन घेणे नको.

कोणीही विचारील, की मुळे कुजणार नाहीत का? कुजू शकतात. जागे झाडाचे मूळ श्वास घेते. त्याला पाण्यात बुडवून ठेवले तर ते गुदमरते आणि बुरशी धरते. झोपलेल्या झाडाची गरज थोडी असते. डेव्हिस येथील विद्यापीठाच्या संशोधक हेलेन डालके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदामाच्या बागांत २०१५-१६ च्या हिवाळ्यात पाणी सोडून पाहिले. त्यांतली एक बाग डेल्ही गावाजवळ होती. मौज अशी की नाव आपल्या दिल्लीचेच, पण तिथले लोक ‘डेलहाय’ म्हणतात. जमीन रेताड, पाणी भराभर खाली गेले, आणि झाडांवर वाईट परिणाम दिसून आला नाही. त्याआधी २०११ साली किंग्ज नदीच्या पुराचे पाणी डॉन कॅमेरॉन ह्यांनी आपल्या मळ्यांत, द्राक्षवेलींतसुद्धा, घेतले होते. वेली मेल्या नाहीत.

मात्र सगळी जमीन सारखी नसते. २०१५ साली त्याच विद्यापीठाने मातीचा नकाशा केला. पाणी किती झिरपते, मुळाशी किती वेळ उभे राहते, उतार किती, खारटपणा किती, वरचा थर कसा, असे पाहून प्रत्येक जमिनीला जणू गुण दिले. सुमारे ३६ लाख एकर शेतजमीन चांगली ठरली. चिकणमातीच्या बागेत हा प्रयोग केला तर पाणी डबक्यासारखे साचून राहील आणि झाडही हातचे जाईल.

राज्याने २०१४ साली भूजलाचा कायदा केला. सर्वांत ओढगस्त झालेल्या खोऱ्यांनी २०४० पर्यंत उपसा आणि भरणा ह्यांचा मेळ घालावयाचा आहे. म्हणून बागाईतदारही आता पुराची वाट पाहतात. २०२३ च्या ओल्या वर्षात, शेतांत आणि खास केलेल्या तलावांत मिळून, सुमारे ४१ लाख एकर-फूट पाणी जाणूनबुजून जमिनीत घातले गेले. एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२ लाख लिटर! ऐकून मन सुखावते. पण कोरड्या वर्षात पूरच येत नाही, उपसा मात्र दुप्पट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता माझ्या मनातले सांगते. ईस्ट पोर्टरव्हिल म्हणून तिकडे एक वस्ती आहे. बागांत आणि शेतांत राबणारी, बहुतेक मेक्सिकोकडून आलेली कुटुंबे. घरटी एक उथळ विहीर. २०१४ च्या दुष्काळात शेकडो घरांचे नळ कोरडे पडले. बाटल्यांचे पाणी वाटावे लागले, दारापुढे टाक्या ठेवाव्या लागल्या. शेजारच्या शहराच्या नळाला ही घरे जोडेपर्यंत कित्येकांची दोन-दोन, तीन-तीन वर्षे गेली. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात आई बाटलीतल्या पाण्याने मुलांना अंघोळ घालते, हे मला नकाशातल्या गुणांहून मोठे वाटते. बागाईतदाराची विहीर शेकडो फूट खोल. पाणी खाली गेले तर तो आणखी खोल जातो. मजूरबाईला ते साधत नाही. तेव्हा बागेत पाणी मुरवायचे ते वस्तीच्या विहिरीजवळ आधी मुरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण इथेही एक मेख आहे. वर्षानुवर्षे घातलेल्या खताचे नायट्रेट मातीत साठलेले असते. पहिले पाणी ते धुऊन खाली नेते, आणि खाली ह्याच बायांच्या विहिरी. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आपल्याकडे आहे आणि नायट्रेट म्हणून मोजले तर तिकडेही तीच. तिच्या वर गेले की तान्ह्या मुलाचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, मूल निळे पडते. पुढे पुष्कळ स्वच्छ पाणी मुरले तर ते नायट्रेट पातळ होते खरे. तोवर विहीर तपासणे आणि वस्तीला दुसरे पाणी देणे हा खर्च कोणी करायचा, हे पाट उघडण्यापूर्वी ठरले पाहिजे.

आपल्याकडे असे करावे काय, असा प्रश्न येणारच. जसेच्या तसे नाही. आपल्या संत्र्या-मोसंबीच्या बागाईतदाराला डिसेंबरात बागेत पाणी सोडा म्हटले तर तो हात जोडील! आंबे बहार धरायचा तर त्याच दिवसांत बागेला ताण द्यायचा असतो. शिवाय आपला पाऊस पडतो तेव्हा झाड पानाफुलांत असते, आणि खाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण; पाणी मावते ते मुरमात आणि भेगांत. तिकडे वाळूचे नि गाळाचे शेकडो फूट थर आहेत. घेण्यासारखी आहे ती त्यांची चौकशी: कोणती जमीन पाणी पिते, हे आधी गावाने नकाशावर मांडायचे.

मग बदाम खाणे सोडावे काय, असेही मला एका भगिनीने मघाशी विचारले. मी सोडलेले नाहीत. किलोभर आणत होते, आता पाव किलो आणते, आणि बाकी काम शेंगदाण्यावर भागते. त्या खोऱ्याचा नकाशा आणि दोन छायाचित्रे मी बरोबर आणली आहेत. चहाच्या वेळी मागच्या मेजावर ठेवते. ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी जरूर पाहावीत.